दोन प्लेट्समधली रबरी चकती तीन टक्के ताणात आतून का फाटते

नैसर्गिक रबराची नीट व्हल्कनाइज केलेली पट्टी घ्या, हाताने ओढा, आरामात पाच-सहा पट लांब होते आणि सोडली की परत जागेवर येते. आता तेच रबर, तोच लॉट, पण पातळ चकती करून दोन स्टीलच्या प्लेट्सच्या मध्ये पक्कं चिकटवा आणि प्लेट्स एकमेकींपासून सरळ लांब ओढा. चकती पुरेशी पातळ असेल तर तीन-चार टक्के ताणातच, म्हणजे जाडी तेवढीच वाढली की, ती आतून फाटायला लागते, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही कारण कडेचं रबर एकदम शाबूत असतं. रबराचे पार्ट सिम्युलेट करणाऱ्या प्रत्येकाने हे एक प्रकरण तरी मुळापासून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण सॉफ्टवेअर इथे अत्यंत सुंदर, स्मूथ आणि पूर्णपणे चुकीचं उत्तर देतं.

प्रकरण तसं जुनं आहे. इंग्लंडमध्ये वेल्विन गार्डन सिटीला ब्रिटिश रबर प्रोड्युसर्स रिसर्च असोसिएशन नावाची संस्था होती, रबराच्या मेकॅनिक्सचा बराचसा पाया तिथेच घातला गेला, ट्रेलोअर, रिव्हलिन, मलिन्स हे सगळे तिथलेच. तिथे ए. एन. जेंट आणि पी. बी. लिंडली या दोघांनी १९५९ मध्ये एक पेपर छापला. त्यांनी साधारण दोन सेंटीमीटर व्यासाच्या रबरी चकत्या धातूला चिकटवून घेतल्या, काही खूप पातळ, काही जाड, शिवाय रबरंही वेगवेगळ्या कडकपणाची, आणि मशीनवर ओढल्या. लोड आणि लांबीचा आलेख सुरुवातीला सरळ वर जातो आणि मग एका ठराविक लोडला अचानक मोडतो, पुढे एकदम नरम होतो. तो लोड अपेक्षेपेक्षा फारच कमी. मग त्यांनी वेगवेगळ्या ताणापर्यंत ओढलेले नमुने मधोमध कापून बघितले तर आत भेगा आणि पोकळ्या. आज या चाचणीला पोकर-चिप टेस्ट म्हणतात, पोकर-चिप म्हणजे पत्त्यांच्या जुगारातली चपटी गोल सोंगटी.

सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण असं की तो लोड रबराच्या पट्टीच्या ब्रेकिंग स्ट्रेंग्थवर नाही, तर रबर किती कडक आहे त्यावर, म्हणजे यंग्ज मॉड्युलसवर अवलंबून होता. पट्टी २० मेगापास्कलला तुटो नाहीतर १० ला, आतल्या भेगांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे असं का होतं ते बघू. रबराचा आकार बदलणं अगदी सोपं, पण आकारमान बदलणं महाकठीण. आकार बदलायला लागणारा शिअर मॉड्युलस अर्धा-एक मेगापास्कल आणि आकारमान बदलायला लागणारा बल्क मॉड्युलस २००० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे हजारो पटींचा फरक. पट्टी ओढली की ती बारीक होते, आकारमान तेवढंच राहतं, सगळं सुखात. चकतीला मात्र बारीक होताच येत नाही कारण वरची आणि खालची बाजू स्टीलने धरून ठेवलीय, जाडी वाढली की ती वाढलेली जागा भरायला रबर फक्त कडेकडून आत सरकू शकतं, आणि तेही जाडीच्या मधल्या भागातच, प्लेटला लागलेलं रबर जागचं हलत नाही. दोन काचांच्या मध्ये मधाचा थेंब दाबून काचा लांब करायला गेलात तर मध जसा कडेकडून आत ओढला जातो आणि काचा सुटता सुटत नाहीत, तसंच हे. कडेला अंतर्वक्र खोबण पडते आणि मधल्या रबराला सगळ्या दिशांनी एकसारखा बाहेर ओढणारा ताण येतो. हायड्रोस्टॅटिक टेन्शन म्हणतात ते हेच, उलट्या चिन्हाचा दाब.

याचं हाताने गणित करता येतं आणि सिम्युलेशनला बसायच्या आधी ते केलंच पाहिजे असा माझा आग्रह आहे. रबर अजिबात दबत-फुगत नाही असं धरलं आणि स्ट्रेन (जाडी मुळाच्या किती टक्के वाढली ते) छोटा असला तर मधोमधचा ताण (स्ट्रेस) बरोबर यंग्ज मॉड्युलस गुणिले स्ट्रेन गुणिले (एक अधिक, त्रिज्या भागिले जाडी या गुणोत्तराचा वर्ग). कडेकडे जाताना तो पॅराबोलासारखा उतरत जातो. सरासरी ताण काढताना तो वर्ग निम्मा होतो.

आकडे घालू. व्यास २० मिलिमीटर, जाडी २ मिलिमीटर, यंग्ज मॉड्युलस १.५ मेगापास्कल. त्रिज्या भागिले जाडी झाली ५, वर्ग २५, म्हणजे मधोमधचा ताण साध्या पट्टीच्या २६ पट आणि सरासरी ताण साडेतेरा पट. जेंट-लिंडलीच्या मते पोकळी कधी सुरू होते, तर आतला ताण यंग्ज मॉड्युलसच्या ५/६ पट झाला की, इथे १.२५ मेगापास्कल. ०.८३३ ला २६ ने भागलं की ०.०३२, म्हणजे ३.२ टक्के. दोन मिलिमीटरच्या चकतीत ही लांबी भरते ०.०६४ मिलिमीटर! आणि त्या क्षणाला मशीनवर दिसणारा लोड साधारण २०४ न्यूटन, म्हणजे २१ किलोचं वजन टांगलं एवढाच. सहापट ताणणारं रबर आणि ते एक दशांश मिलिमीटरही न वाढता आतून निकामी.

आता हेच सॉफ्टवेअरमध्ये बसवू. मॉडेल अगदी छोटं असतं, अॅक्सिसिमेट्रिक घ्या (म्हणजे फक्त एक छेद, जो अक्षाभोवती सगळीकडे सारखा धरतात), जाडीच्या मध्यावर सिमेट्री, वरची कड प्लेटला चिकटलेली म्हणून आडवी फिक्स आणि उभी सरकवायची. मटेरियल निओ-हुकियन, म्हणजे रबराचं सगळ्यात साधं गणिती मॉडेल, पुरतं कारण ताण तीन टक्क्यांचा, इथे ऑग्डेन की यिओ या जास्त गुंतागुंतीच्या मॉडेल्सवर डोकं लावण्यात अर्थ नाही. आणि तरीही हे मॉडेल तीन ठिकाणी घात करतं.

पहिला आणि सगळ्यात वाईट घात पॉयसन्स रेशोचा, म्हणजे ओढल्यावर पदार्थ लांबीच्या मानाने आडवा किती बारीक होतो त्या गुणोत्तराचा; ०.५ म्हणजे आकारमान अजिबात बदलत नाही. ०.५ टाकला तर साधं एलिमेंट (सॉफ्टवेअर पार्टचे जे छोटे तुकडे पाडतं त्यातला एक) चालत नाही, म्हणून लोक ०.४९ टाकतात आणि म्हणतात जवळपास तेच ना. पट्टीसाठी खरंच जवळपास तेच असतं, उत्तरात काही फरक दिसत नाही, आणि त्यामुळेच सवय लागते. पण ०.४९ म्हणजे बल्क मॉड्युलस किती, तर १.५ मेगापास्कलच्या रबराला फक्त २५ मेगापास्कल. कुठे २००० आणि कुठे २५. आपल्या चकतीचा परिणामी मॉड्युलस साडेतेरा पट म्हणजे सव्वावीस मेगापास्कल आहे, त्याच्या जोडीला २५ चा बल्क मॉड्युलस सिरीजमध्ये बसला की चकती निम्म्याच्या आसपास नरम होते, साधारण ११. आणि अबॅकस एक्सप्लिसिट हे सॉफ्टवेअर वापरत असाल आणि कॉम्प्रेसिबिलिटीची किंमत दिलीच नाही तर ते स्वतःहून बल्क आणि शिअर मॉड्युलसचं गुणोत्तर २० धरतं, पॉयसन्स रेशो ०.४७५. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, वाचतो कोण हा प्रश्न आहे. तेव्हा बल्क मॉड्युलस उरतो १० आणि चकतीचा कडकपणा जवळजवळ एक तृतीयांश.

पण कडकपणा कमी येणं हे तरी टेस्टशी ताडून बघताना पकडता येतं. खरा धोका आतल्या ताणाचा. मधलं रबर कडेकडून अजिबात आत न येता निव्वळ जाडीतच ताणलं गेलं असं धरलं तरी त्याचा ताण बल्क मॉड्युलस गुणिले स्ट्रेन आणि वर थोडंसं, याच्यापुढे जाऊच शकत नाही. बल्क १० असेल तर ३.२ टक्क्याला तो होतो ०.३४ मेगापास्कल, बल्क २५ असेल तर ०.८२. पाहिजे १.२५. म्हणजे ०.४९ टाकलेलं मॉडेल, मेश (एलिमेंटची जाळी) कितीही बारीक करा, सॉल्व्हर कुठलाही घ्या, पोकळी होण्याच्या क्षणाला पोकळीचा ताण दाखवूच शकत नाही. चकती खऱ्या जगात फाटलेली असते आणि स्क्रीनवर हिरवीगार. ०.४९९९ टाकलं की बल्क २५०० होतो आणि गाडी रुळावर येते. ही तीन-चार दशांश स्थळं इथे शोभेची नाहीत, सगळा निकाल त्यांच्यावर आहे.

दुसरा घात त्यातूनच येतो. ०.४९९९ टाकलं की साधं पूर्ण इंटिग्रेशनवालं लिनियर एलिमेंट लॉक होतं, आकारमान धरून ठेवायच्या नादात त्याला वाकताच येत नाही आणि चकती खऱ्यापेक्षा कितीतरी कडक दिसते. म्हणून हायब्रिड एलिमेंट, ज्यात दाब हा वेगळा अज्ञात म्हणून सोडवतात. फेनिक्ससारखं ओपन सोर्स वापरणारे टेलर-हूड घेतात, विस्थापन क्वाड्रॅटिक आणि दाब लिनियर. इथे एक गोष्ट जपा. काही एलिमेंटमध्ये लोड-लांबीचा आलेख चोख येतो पण दाबाचं चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं एक घर काळं एक पांढरं येतं. इतर कामात लोक ते अॅव्हरेज करून गुळगुळीत दाखवतात. आपल्याला तर हवाय तोच दाब. म्हणून कॉन्टूर अॅव्हरेज न करता, एलिमेंटच्या कच्च्या किमती बघा, मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ धरून दाब प्लॉट करा आणि वरचा हाताने काढलेला पॅराबोला त्याच्यावर ठेवा. पातळ चकतीत कडेजवळचा थोडा भाग सोडून दोन्ही एकमेकांवर बसले पाहिजेत. बसले नाहीत तर पुढे जाऊ नका.

तिसरं, मेश. जाडीत दोन-तीन एलिमेंट टाकून भागत नाही कारण आत सरकणाऱ्या रबराचा प्रोफाइल जाडीतून पॅराबोलिक असतो, लिनियर एलिमेंट असतील तर अर्ध्या जाडीत आठ-दहा तरी हवेत. आणि जिथे मोकळी कड, रबर आणि प्लेट असे तिघे भेटतात त्या कोपऱ्यात ताण सिंग्युलर असतो, मेश जितकी बारीक कराल तितका आकडा वाढत जाणार, कधीच थांबणार नाही. तिथला लाल ठिपका बघून घाबरणं आणि मध्यावरचा दाब न बघणं, हा प्रकार रिपोर्टांमध्ये फार दिसतो आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. कारण पातळ चकतीत भेग त्या ठिपक्यापासून सुरू होत नाही.

समजा हे सगळं नीट केलं. आता मॉडेल ओढत जा. तीन टक्के, दहा टक्के, तीस टक्के, ते मुकाट्याने ताणत जातं, ताण वाढत जातो, आलेखाला कुठेही तो मोडलेला बिंदू येत नाही. येणार कुठून, आपण त्याला सलग, अभंग पदार्थ दिलाय. त्याला पोकळी म्हणजे काय हे माहीतच नाही.

म्हणून जेंट आणि लिंडलीने जे केलं ते करू. प्रत्येक रबरात डोळ्याला न दिसणाऱ्या पोकळ्या आधीपासून असतात असं माना, आणि अशी एक गोल पोकळी प्रचंड मोठ्या रबराच्या मध्ये धरून बाहेरून सगळीकडून सारखं ओढा. निओ-हुकियन रबरासाठी याचं उत्तर नेटकं येतं: लागणारा ताण म्हणजे शिअर मॉड्युलसचा निम्मा गुणिले (५ वजा ४ भागिले लॅम्डा वजा १ भागिले लॅम्डाचा चौथा घात), लॅम्डा म्हणजे पोकळीची त्रिज्या किती पट झाली. पोकळी दुप्पट व्हायला शिअर मॉड्युलसच्या १.४७ पट ताण लागतो, तिप्पट व्हायला १.८३, पाचपट व्हायला २.१०, दहापट व्हायला २.३०. म्हणजे वाढत वाढत हा ताण २.५ पटीला टेकतो आणि त्याच्यापुढे जात नाही, तिथे पोकळी कितीही मोठी होऊ शकते. यंग्ज मॉड्युलस शिअरच्या तिप्पट असतो म्हणून २.५ भागिले ३ म्हणजेच ते ५/६. पोकळी आधी केवढी होती याचा सूत्रात पत्ताच नाही, ही त्यातली खरी गंमत. पुढे १९८२ मध्ये जॉन बॉल यांनी दाखवलं की सुरुवातीला पोकळी अजिबात नसली तरी गणिताला तोच अंक येतो, सलग पदार्थातून भोक जन्माला येणं हा समीकरणांचा रीतसर तोडगा आहे.

इतकं झालं की बरेच जण फाइल बंद करतात: दाब काढा, ५/६ शी ताडून बघा, संपलं. पहिली चाळण म्हणून ते चांगलंच आहे, मी स्वतः तेच आधी बघतो. पण ते या प्रकरणाचं पूर्ण उत्तर नाही, आणि हे वरच्याच आकड्यांतून दिसतं.

पोकळी साडेचारपट होईपर्यंत ताण झाला शिअर मॉड्युलसच्या २.०५ पट, म्हणजे अंतिम २.५ च्या ८२ टक्केच. पण पोकळीच्या भिंतीवरचं रबर त्या वेळी दोन्ही दिशांनी साडेचारपट ताणलेलं असतं! ट्रेलोअरच्या १९४४ च्या प्रसिद्ध चाचण्यांत एका दिशेने ओढताना मोजमापं साडेसातपटीपर्यंत जातात आणि दोन्ही दिशांनी सारखं ओढताना साधारण साडेचारपटीवर थांबतात. म्हणजे उरलेले १८ टक्के पार करायला भिंतीच्या रबराने नेहमीच्या रबराला झेपत नाही एवढं ताणायला हवं. शिवाय एवढ्या ताणात खरं रबर निओ-हुकियन राहत नाही, रेणूंच्या साखळ्या सरळ होत येतात आणि ते झपाट्याने कडक होतं. साखळीच्या लांबीला मर्यादा घालणारं मॉडेल वापरलं, जेंट यांनीच १९९६ मध्ये असं एक दिलंय, तर पोकळीला लागणारा ताण २.५ ला टेकत नाही, वाढतच राहतो. मग फक्त लवचिकपणाच्या जोरावर पोकळी बेसुमार फुगणं शक्यच नाही. भिंत फाटते. म्हणजे जे बघतोय ते शेवटी फ्रॅक्चर आहे, आणि तिथे मॉड्युलसबरोबर रबराची मूळ ताकद आणि भेग पुढे न्यायला लागणारी ऊर्जा या दोन गोष्टीही मोजाव्या लागतात.

जाड चकत्यांत हे आणखी उघडं पडतं. व्यासाइतकीच जाडी असलेल्या ठोकळ्यात भेगा मध्यावर येत नाहीत, वरखाली प्लेटच्या जवळ येतात, आणि खूप पातळ चकतीत एक नव्हे तर पुष्कळ भेगा मधल्या भागात पसरून येतात. नुसता ५/६ चा निकष या सगळ्या जागा आणि त्यांचा क्रम सांगू शकत नाही. २०२१ मध्ये आदित्य कुमार आणि ऑस्कर लोपेझ-पामीस यांनी फेज-फील्ड पद्धतीने (यात भेग म्हणजे तीक्ष्ण रेघ न धरता बारीक रुंदीचा पट्टा धरतात) हे मूळचे १९५९ चे प्रयोगच सिम्युलेट केले, त्यात लवचिकपणा, ताकद आणि फ्रॅक्चर एनर्जी हे तिन्ही वेगवेगळे इनपुट आहेत, आणि भेगा कुठे सुरू होतात, कशा वाढतात हे वेगवेगळ्या जाडीच्या चकत्यांसाठी समजावून सांगितलं. बासष्ट वर्षांनी. माझ्या मते रबराच्या सिम्युलेशनमधलं हे गेल्या काही वर्षांतलं सर्वात समाधान देणारं काम आहे. मात्र ते तसंच्या तसं रोजच्या कामात उतरवणं जड आहे, भेगेच्या रुंदीचा लेंग्थ स्केल पकडायला मेश फार बारीक लागते आणि अॅक्सिसिमेट्रिक मॉडेल चालत नाही, कारण अक्षापासून लांब आलेली पोकळी अॅक्सिसिमेट्रिकमध्ये पूर्ण गोल कड्याच्या आकाराची भेग होऊन बसते.

कारखान्यात हे कुठे भेटतं, तर जिथे जिथे रबर धातूला चिकटवलंय तिथे. पुण्याजवळ पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांवर काम करणाऱ्यांना इंजिन माउंट आणि सस्पेन्शन बुश रोजचे. बुशमध्ये तर बाहेरून लोड यायच्या आधीच ताण तयार असतो: साधारण १५० अंशाला मोल्ड करून थंड केलं की रबराचं आकारमान सात-आठ टक्क्यांनी आक्रसू बघतं, स्टीलच्या आतल्या-बाहेरच्या नळ्या जागच्या हलत नाहीत, आणि मधल्या रबराला सगळीकडून ओढ बसते. म्हणून मोल्डिंगनंतर बाहेरची नळी स्वेज करून व्यास कमी करतात, तो ताण काढून थोडं दाबातच ठेवतात. सिम्युलेशनमध्ये ही थंड होण्याची आणि स्वेजिंगची स्टेप वगळली तर शून्यापासून सुरू केलेला दाबाचा हिशेब निरुपयोगी. भूकंपासाठी इमारतीखाली जी रबर-स्टीलच्या थरांची बेअरिंग घालतात, २००१ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेल्या भूजच्या रुग्णालयाखाली आहेत तशी, त्यांत रबराचा प्रत्येक थर म्हणजे एक मोठी पातळ पोकर-चिपच. म्हणून इमारत डोलताना एखाद्या कोपऱ्यातलं बेअरिंग उचललं जाऊन ताणात जाऊ नये याची डिझायनर फार काळजी घेतात.

असा पार्ट हातात आला तर रबर पुरवणाऱ्याकडून नुसती पट्टीची टेन्साइल टेस्ट घेऊन समाधान मानू नका, जाड-पातळ अशा दोन-तीन पोकर-चिप ओढायला लावा आणि आलेख जिथे मोडतो तो लोड मागा. कार्बन ब्लॅक घातलेलं रबर असेल तर दुसऱ्यांदा ओढताना ते तसंही नरम लागतं, तो मलिन्स इफेक्ट, तो पोकळ्यांचा पुरावा नाही, म्हणून नुसत्या दुसऱ्या आलेखावरून निष्कर्ष काढू नका, नमुना कापून आत बघा. आणि जाड ठोकळा प्लेटजवळ सुटला तर लगेच चिकटवणाऱ्या केमिकलला आणि बाँडिंगवाल्याला दोष देऊ नका. आधी धातूवर बोट फिरवा आणि भिंगातून बघा: त्यावर रबराचा पातळ थर राहिला असेल तर बाँड टिकलाय, त्याच्या शेजारचं रबर आतून फाटलंय, आणि दुसरा महागडा अॅढेसिव्ह लावून तो पार्ट तितक्याच लोडला परत तसाच सुटेल.